ब्रिस्टलची स्टेपनी

पुष्कर गाडीभोवती वाकून वाकून फिरत होता आणि सुभद्रा गुणाजीच्या हातांकडे बघत होती.

"भावजी, हात जरा दिसतील असे ठेवा," ती हळूच म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे. सोमवारी तर नाहीच. उपासाच्या दिवशी तोंडातून वाकडा शब्द जाऊ नये, असा तिचा नेम होता.

गुणाजीने खिशातले हात बाहेर काढले. "तंबाखू शोधत होतो, वयनी. गाडी काय खिशात मावतली?"

पुष्कर हसला. अण्णा, म्हणजे सुभद्राचे यजमान, शेडच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. धाकट्या भावाच्या बोलण्यावर ते हसले नाहीत.

लालबागची चाळ पाडायला निघाली होती. तिच्यामागची शेडही जाणार, म्हणून शेडमधली ब्रिस्टल आज दादरचा पुष्कर घेऊन जाणार होता. जुन्या गाड्या दुरुस्त करून चालत्या करायचा त्याला नाद. अण्णांचे वडील एका गोऱ्या साहेबाचे ड्रायव्हर. साहेब विलायतेला परतला तेव्हा गाडी त्यांच्या हवाली करून गेला. लढाई संपली, विमानांची मागणी आटली, तेव्हा विमानं बनवणाऱ्या कारखान्याने या गाड्या काढल्या, असं ते येईल त्याला सांगत. म्हणून पत्रा विमानासारखा ॲल्युमिनियमचा, हलका, आणि इतक्या पावसाळ्यांत अंगावर गंजाचा डाग नाही. त्यांच्यामागे अण्णाच गाडी पुसत. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालत नसे.

सासरे गेले त्या वर्षी गाडीची दसऱ्याची पूजा सुभद्राकडे आली. चारी चाकांना तिने हळदकुंकू वाहिलं. मग पाचव्यासाठी डिकी उघडली. तेही चाकच, सणाला त्यालाच का वगळायचं? डिकी रिकामी होती. सगळ्या जगाची स्टेपनी डिकीत असते, मग यांचीच गेली कुठे? आणि त्या आठवड्यात शेडची चावी गुणाजीकडे होती.

तिने पूजेचं ताट खाली ठेवलं आणि तिथेच विचारलं. गुणाजी नाही म्हणाला. आईची शपथ घेतली, तीही तिला पटली नाही. अण्णा मान खाली घालून बसले होते. शेवटी एवढंच म्हणाले, "आता एका घरात नको." महिनाभरात गुणाजी बायकोपोरांना घेऊन वडाळ्याला भाड्याच्या खोलीत गेला. सुभद्राने गावच्या देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं: ज्याने चाक नेलं, त्याला एका छपराखाली टिकू देऊ नकोस. गुणाजीने वडाळ्यात खोल्यांमागून खोल्या बदलल्या. दर वेळी कानावर आलं की ती मनातल्या मनात हात जोडायची. त्याच्या घरचं पाणी ती प्यायली नाही. तोही एक नेमच होऊन बसला.

आता चाळीच्या जागी टॉवर होणार होता. खोलीच्या बदल्यात फ्लॅट. खोली बापाची, तेव्हा माझंही नाव लावा, एवढंच गुणाजीचं मागणं होतं. सुभद्राचं उत्तर ठरलेलं. "आधी स्टेपनी आणा, मग नावाचं बघू." आज तो गाडीला शेवटचं बघायला आलो म्हणाला. जाता जाता आणखी काहीतरी सुटं करायला आलाय, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

"काका, स्टेपनी बरी आहे ना?" पुष्करने अण्णांना विचारलं.

"नाहीये ती," सुभद्राच म्हणाली. "नेणाऱ्याने नेली."

"असं कसं? हिची डिकीत नसतेच, मावशी."

अण्णा चटकन उठले. "राहू दे रे. टेम्पो खोळंबलाय. न्यायची तर अशीच ने."

पण पुष्कर तोवर गाडीच्या दारातून आत वाकला होता. कुठलासा खटका वाजला. पुढच्या डाव्या चाकामागचा पत्रा झाकणासारखा वर उचलला गेला. आत, उभी करून ठेवलेली स्टेपनी.

गुणाजीने वाकून आत पाहिलं. "हयच होती?" तो पुटपुटला. "इतकी वर्सां, हयच होती?"

देवापुढचा नारळ सुभद्राच्या डोळ्यांसमोर आला. पण मनातला संशय इतका जुना, तो काय एका झाकणाने जातो? ती पुढे झाली आणि तिने टायर दाबून पाहिला. दगडासारखा घट्ट.

"बघा," ती म्हणाली. आवाज तसाच मऊ. "साध्या सायकलची हवा आठवड्यात बसते. ही तेव्हापासून पडून असती तर अशी राहिली असती? अलीकडे कुणाचा तरी हात लागलाय हिला. गाडी जाणार कळल्यावर गुपचूप आणून ठेवलीत ना, भावजी? आता तरी कबूल करा. देव माफ करतो."



पुष्करला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने स्टेपनी ओढून बाहेर काढली आणि फरशीवर धप्पकन आपटली. "वरून घट्ट लागते हो, मावशी. पण इतकी वर्षं कुणी बघितलीच नाही म्हणजे रबर मेलेलं असणार. देतो भंगारात."

"भंगारात?" अण्णा काठी टेकत तरातरा पुढे आले. वडिलांच्या गाडीला कुणी नावं ठेवलेली त्यांना कधीच खपली नव्हती. "आणि कुणी बघितली नाही म्हणे! दर वर्षी गणपतीच्या आधी माझ्या हाताने हवा भरतो मी तिच्यात!"