रत्नप्रभाबाईंचं लिखाण

रत्नप्रभाबाई मारेगावच्या शाळेतल्या आपल्या आठवणी कॉम्प्युटरवर लिहीत होत्या, पण हल्ली रोज सकाळी त्यांना ते लिखाण कुठं ठेवलंय तेच आठवेना. "कुठं गेलं हो माझं? मले सापडूनच नाही राह्यलं," म्हणत त्या रडकुंडीला येत.

यवतमाळच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेल्या त्यांच्या नवऱ्याला, चारुदत्तरावांना, ते बघवेना. कॉम्प्युटर बंद करताना जे उघडं असेल, ते चालू करताच जसंच्या तसं समोर आणणारा एक प्रोग्राम त्यांनी शोधला. घरच्या जुन्या मशीनसाठी तो तयार मिळेना, म्हणून त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ आज्ञावली, इंटरनेटवरून उतरवून ते स्वतःच तो प्रोग्राम तयार करायला बसले. आठ दिवस एक एरर काढली की दुसरी उभी राहायची. नवव्या दिवशी एकदाचा तो चालला.

सकाळी रत्नप्रभाबाईंनी बटण दाबलं आणि त्यांचं लिखाण आपसूक उघडलं. चारुदत्तराव मागं श्वास रोखून उभे होते. बाईंनी पहिल्या पानापासून सगळं वाचलं, पदरानं डोळे टिपले.


"किती जीव लावून लिहिलंय या बाईनं," त्या म्हणाल्या, "तुमच्या ओळखीची आहे का हो?"