नाहीतर की प्रश्नचिन्ह

“‘तुमचं चिन्ह ओळीच्या शेवटी लपून बसतं. घाईत वाचणाऱ्याला ते दिसणारच नाही.’ वाच आई, वाच! ‘तुमचं’ म्हणे! सख्ख्या भावाला ‘तुमचं’!”

दादाने लॅपटॉप आईच्या पुढ्यात सरकवला. आई भाजी निवडत होती. तिने चष्मा शोधायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

“मला त्यातलं काय कळतंय?” ती म्हणाली. “भांडताय कशावरून, ते तरी सांग.”

कशावरून! दोघा भावांनी मिळून संगणकाची एक भाषा तयार केली होती. कॉलेजात असताना, एकाच खोलीत, एकाच टेबलावर, एकमेकांच्या डोक्यावर मिरे वाटत. आता ती जगभरचे लोक वापरत होते आणि तिच्यात एक नवी सोय घालायची होती. प्रोग्रॅममधलं एखादं काम फसलं, तर पुढे काय करायचं ते त्याच ओळीत सांगता यावं, एवढीच. दादाचं म्हणणं, ओळीच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह टाका आणि मोकळे व्हा. इंटरनेटवर या भाषेची चर्चा चालते त्या फोरमवर धाकट्याच्या नावाने उत्तर आलं, चिन्ह नको, अख्खा शब्द लिहा. ‘फाइल उघड, नाहीतर थांब.’ वाचणाऱ्याला लगेच कळतं.

झालं! उन्हाळा सरला, थंडी आली, तरी भांडण मिटेना. दादाने एक मुद्दा मांडावा आणि त्याचा पार भुगा होऊन परत यावा. एकदा तर सरळ लिहिलं होतं, ‘हा हटवादीपणा झाला. वापरणाऱ्याचा विचार तुम्ही कधी करणार?’ तेही सगळ्यांच्या देखत. त्या दिवसापासून दादाने धाकट्याचा फोन उचलणं बंद केलं. वर फोन करतो! चारचौघांत थोबाडीत मारायची आणि मागून गोंजारायचं, वा रे वा.

चिन्ह की शब्द, यावर भाषा वापरणाऱ्यांचं मतदान आज संध्याकाळी संपणार होतं आणि ‘नाहीतर’ पुढे होता.

“शब्द जिंकला ना, तर मला भाऊ नाही,” दादा म्हणाला. “सांगून ठेवतो.”

“जीभ आवर!” आई कडाडली. भाजीची जुडी तिने ताटात आपटली. “तो रोज मला विचारतो, दादाचं काय बिनसलंय. मी काय सांगू?”

“नाटकं आहेत सगळी.”

“मग जा आणि तोंडावर भांड. यंत्राच्या आडून कसली मर्दुमकी दाखवतोस?”

दादा पायांत चपला सरकवून तसाच निघाला. वाटेत त्याने मनातल्या मनात धाकट्याचे वाभाडे काढले. शेवटचं वाक्य इतकं झोंबणारं जमलं, की ते तोंडातून मोठ्यानेच बाहेर पडलं. सिग्नलला थांबलेला सायकलवाला दचकून त्याच्याकडे बघायला लागला.

भावजयीची मात्र त्याला कीव आली. गरीब गाय बिचारी. दीर आला की दोन शब्द बोलायची आणि आतल्या खोलीत जायची. असल्या हेकट माणसाबरोबर दिवस कसे काढत असेल, देव जाणे.

दार धाकट्यानेच उघडलं. खांद्यावर फडकं, हातात अर्धा चिरलेला कांदा, डोळ्यांतून पाणी.

“दादा! अरे, ये, ये ना!” म्हणत त्याने कांद्यासकट मिठीच मारली.

दादाने त्याला ढकललं. “लाडात येऊ नकोस. प्रश्नचिन्हात काय खोट आहे, ते माझ्या तोंडावर सांग.”

“कसलं प्रश्नचिन्ह?”

“सोंग घेऊ नकोस! सगळ्या जगासमोर मला हटवादी म्हणालास! मला! पहिला प्रोग्रॅम लिहायला ज्याने शिकवलं, त्याला!”

धाकट्याने फडक्याने डोळे पुसले.

“दादा, तू फोन उचलेनास तेव्हापासून मी डोकं फोडून घेतोय, आपलं चुकलं काय म्हणून. आईला विचारलं, तिला माहीत नाही. आणि तू मला प्रश्नचिन्ह सांगतोस? नोकरी बदलल्यापासून मी त्या फोरमकडे फिरकलोसुद्धा नाही रे; माझं खातं आतल्या संगणकावर तसंच उघडं पडलंय.”

“खोटं! साफ खोटं! आज दुपारी तुझं उत्तर आलंय!”

आतल्या खोलीत कीबोर्डची टकटक चालली होती, ती थांबली. भावजय दारात आली. केसांत पेन्सिल खोचलेली, हेडफोन गळ्यात.

“भाऊजी, उभे का? बसा ना,” ती म्हणाली. “पण आधीच सांगते, प्रश्नचिन्ह मी येऊ देणार नाही.”