वाक्यात उपयोग

लखनौतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बँकेतले सदाशिवराव रोज सकाळी एक वाक्प्रचार पाठवतात. त्यामुळेच इथे मराठी टिकून आहे, असं त्यांचं मत आहे. त्यांना स्कूटर येत नाही, म्हणून बायको मालिनी त्यांना रोज मागे बसवून अलीगंजहून बँकेत सोडते.

काल चौकात एक ई-रिक्षा उलट्या दिशेनं अंगावर आली. मालिनीनं ब्रेक दाबला, "भैया, देख के चलाओ," म्हणाली आणि नवऱ्याला वेळेत बँकेत पोहोचवलं.

आज ग्रुपवर आलं: "अवसान गळणे म्हणजे ऐन वेळी धीर सुटणे. वाक्यात उपयोग: समोर ई-रिक्षा दिसताच आमच्या सौ.चं अवसान गळालं."

बावीस जणांनी अंगठे दिले. शेजारच्या निनादनं "क्या बात है, काका" लिहिलं.

मग मालिनीनं आपल्या कालच्या कुर्त्याचा फोटो टाकला. पाठीकडून खांद्याची शिवण पार उसवली होती. फोटोखाली तिनं एवढंच लिहिलं:


"रिक्षा पुढून आली होती. कुर्ता मागून फाटलाय."