बशीतला काढा

"बायकोला काढा बशीतूनच पाजतो, सर. कप एकदाही वापरला नाही," म्हणत म्हाताऱ्याने घड्या पडलेलं कात्रण टेबलावर ठेवलं: 'रानपाल्याने बशीतला कॅन्सर मारला. प्राध्यापकांचं संशोधन.'

प्रयोगशाळेत बसलेल्या त्याच प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "आजोबा, बशी म्हणजे काचेची तबकडी. तिच्यात नुसत्या पेशी होत्या. माणूस नव्हता."

"मग बातमीत तसं का नाही?"

"जागा कमी होती."

"बातमी ऐकून तिनं केमो सोडली. लिंबाएवढी गाठ मोसंबीएवढी झाली."

"आजच दवाखान्यात न्या तिला. आणि पेपरातलं सगळं खरं धरत जाऊ नका."

म्हाताऱ्याने वर पाहिलं. प्राध्यापकांच्या डोक्यामागे तेच कात्रण सोनेरी चौकटीत लटकत होतं.

"मग आधी ते काढा," तो म्हणाला.