पंधरा दिवस नाच बंद

गावातली डॉक्टरकी सोडून बार्सेलोनाला आमदार झालो, त्यानंतर आठ वर्षांनी मतं मागायला गावात आलो. चौकात रविवारचा सारदाना नाच रंगला होता. सोबतच्या फोटोवाल्याला खूण करून मी कडेला बसलेल्या रेमेईआजींपुढे हात केला.

“चला आजी! तुमच्याशिवाय रिंगण सुरू व्हायचं नाही पूर्वी.”

“आधी गुडघा बघा, डॉक्टर.”

“अजून दुखतो?”

“छे! दुखायचा तर आठवड्यातच थांबला.”

“मग बसून का?”

“तुम्हीच म्हणालात ना, पंधरा दिवसांनी मी बघेन, तोवर नाचायचं नाही! तुमच्यामागे दुसरा डॉक्टर आलाय कुठे गावात?”

मी मान खाली घालून त्यांच्या गुडघ्याशी बसलो.

“वा, साहेब!” फोटोवाला ओरडला. “पोस्टरवर हाच टाकू!”