जमिनीवरची साक्ष

रताळी काढून मोकळ्या झालेल्या रानात विमान उतरलं, तेव्हा रवळू पाटील बांधावर भाकरी खात बसला होता. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. नुसती शीळ ऐकू आली आणि लांबलचक पांढरे पंख धूळ उडवत त्याच्यापासून वीस पावलांवर येऊन थांबले.

वरची काच उघडून एक पोरगी बाहेर आली.

"घाबरू नका अण्णा. ग्लायडर आहे. ह्याला इंजिनच नसतंय."

"मग पडलीस म्हण की."

"पडले न्हाय, उतरले," ती हसली.

तिचं नाव ऋतिका. शहापूरच्या विणकराची लेक. निपाणीजवळच्या माळावरून दोरानं वर ओढून सोडलेली, आणि तिथून नुसत्या वाऱ्याच्या जिवावर बेळगुंदीपर्यंत आलेली. रवळूच्या बायकोनं, यशोदाबाईनं, तिला सावलीत बसवून ताक दिलं. ती दोन तांबे ताक प्याली आणि मग भडाभडा बोलत सुटली. ग्लायडिंगचा एक आंतरराष्ट्रीय बिल्ला असतो, चांदीचा. त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतात. सलग पाच तास आभाळात राहायचं, हजार मीटर वर चढायचं आणि पन्नास किलोमीटर लांब जायचं. पहिल्या दोन झाल्या होत्या. तिसरी आज झाली.

"बिल्ला मिळाला की शिकवायची नोकरी पक्की. न्हाय मिळाला तर घरचा माग आहेच."

"माग वाईट असतोय व्हय गं?" यशोदाबाईनं विचारलं.

"वाईट न्हाय, काकू. पण तिथनं आभाळ दिसत न्हाय."

मग तिनं खिशातून एक कागद काढला. वाटेची नोंद ठेवणारं यंत्र मध्येच बंद पडलं होतं. अशा वेळी ज्याच्या जमिनीत उतरलं, त्या मालकानं लिहून द्यायचं असतं. नाव, गाव, सर्वे नंबर आणि सही.

कागद म्हणताच रवळूचा घास हातातच राहिला. दोन वर्षांपूर्वी रस्त्याची मोजणी करायला आलेली माणसंही अशीच यंत्रं घेऊन आली होती, अशीच गोड बोलत होती. त्यानंतर अख्ख्या गावानं देवळात नारळ फोडून शपथ घेतली होती, कुणाच्या कसल्याही कागदावर सही करायची नाही. आणि हा कागद तर इंग्रजीत.

"पोरगी हाय ओ," यशोदाबाई म्हणाली. "द्या की सही."

रवळूनं कागद उलटापालटा करून बघितला. पोरीकडे बघितलं. मग त्याला एकदम हसू आलं. धोतराला हात पुसून त्यानं पेन घेतलं आणि सगळं सावकाश, वळणदार अक्षरात लिहून दिलं. पोरीनं कागद कपाळाला लावला, घडी घालून खिशात ठेवला आणि ती दोघांच्याही पाया पडली.

"बिल्ला आला की आधी इथं आणून दाखवणार अण्णा. शब्द दिला."

संध्याकाळी तिची माणसं ट्रेलर घेऊन आली आणि पंख सुटे करून विमान घेऊन गेली. शेजारचा भरमू लगेच हजर.

"रवळू, सही दिलीस म्हणं? गावची शपथ गेली व्हय उडत?"

"दिली. पोरगी बी खूश झाली आणि माझा एक गुंठा जायचा न्हाय. मी काय कच्च्या गुरूचा चेला हाय व्हय?"

रवळूला तिचा लळा लागला, हे मात्र खरं. आभाळात घार दिसली तरी तो हात कपाळाला लावून बघायचा. तीन महिने गेले, सहा गेले. पोस्टमन आला तो भावकूच्या नावाचं पाकीट घेऊन. भावकू हा रवळूचा थोरला भाऊ. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण जमिनीच्या उताऱ्यावर अजून त्याचंच नाव, त्यामुळे कसले ना कसले कागद यायचेच. कन्नडमधला असो की इंग्रजीतला, रवळूचं उत्तर ठरलेलं असे. यावेळीही त्यानं पाकिटावर 'मयत' असा शेरा मारायला लावला आणि ते न फोडताच परत पाठवलं.

पोरगी काही आली नाही.

"गरज सरो, वैद्य मरो," भरमू चिडवायचा. "बिल्ला मिळाला, आता तुझ्या ताकाची आठवण कुणाला?"

रवळूला ते लागायचं. वरवर हसायचा, पण मनातून तो तिच्यावर फार रागावला होता. घरचं ताक पिऊन, पाया पडून दिलेला शब्द असा विसरायचा?

दोन वर्षांनी पुतणीच्या लग्नाची साडी घ्यायला नवराबायको शहापूरला गेले. मालुबाई नावाच्या विणकरणीनं घड्या उलगडून दाखवायला सुरुवात केली. आत माग खडखडत होता. भिंतीवरच्या फोटोत पांढऱ्या विमानाशेजारी तीच पोरगी हसत उभी.

"ही तुमची लेक? आमच्याच रानात उतरलती," रवळू म्हणाला. "बिल्ला दाखवायला येणार व्हती. मोठी झाली, इसरली."

मालुबाईचा हात साडीवरच थांबला.

"कसला बिल्ला ओ? तिनं साक्षीदाराची खोटी सही केली असं ठरवलं बिल्ला देणाऱ्यांनी. नाव काढून टाकलं. आता विमानाला हात लावायचा न्हाय. एकदा तुमच्या गावाला गेलती साक्षीदाराला शोधत, तर स्टॉपवरनंच रडत परत आली."

"स्टॉपवरनं? आणि घरी का न्हाय आली?"

"काय सांगतच न्हाय बगा. मागावर बसती, खाली मान घालून."

रवळूचं डोकं भणाणलं. एवढा राग त्याला स्वतःच्या जमिनीसाठीही कधी आला नव्हता.

"कोण म्हणतंय खोटी सही? ह्या हातानं केलीया मी! बोलवा तिला. दिल्ली म्हणाल तर दिल्लीला येऊन सांगतो."

माग थांबला. ऋतिका दारात आली, बोटांना सुताचा तुकडा तसाच गुंडाळलेला. रवळूला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"भावकूअण्णा," ती म्हणाली, "तुम्ही जिवंत आहात?"