जादा वायर

वडिलांना, अप्पांना, जाऊन महिना झाला होता. संघप्रिया भाईंदरच्या गाळ्यात त्यांच्या बाकावर बसली होती. संध्याकाळी गिऱ्हाईक एलईडी पट्ट्यांचे नमुने बघायला येणार होतं. नापास झाले तर गाळा बंद. आता पूर्वीसारखं वायरला डाग देणं, सोल्डरिंग, नव्हतं. डाळीएवढ्या कनेक्टरमध्ये वायर खुपसली की झालं, म्हणूनच पट्टी बिस्किटासारखी पातळ होत होती. पण पहिल्याच पट्टीचं झाकण बसेना. आजारपणातही हे नमुने जोडताना अप्पांनी सवयीने आत वीतभर जादा वायर गुंडाळून ठेवली होती. तिने कात्री उचलली. "कापू नको गं," शेजारी कामाला बसलेल्या प्रभावतीमावशी वायर सोलता सोलता म्हणाल्या. "पुढच्या दुरुस्तीवाल्याला वायर पुरायला हवी, नाहीतर शिव्या घालेल, म्हणायचे ना अप्पा?" "आता दुरुस्ती कोण करतंय, मावशी? बिघडली की फेकणार." तिने वायर कापली. झाकण सपाट बसलं. अजून अकरा पट्ट्या उरल्या होत्या, सगळ्या अप्पांच्या हातच्या.